भर उन्हात लाईट गेली

नांदेडकडच्या लोह्यात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. वारं सुटलं की जाते, पाऊस आला की जाते, आणि आभाळ लख्ख असलं तर दुरुस्तीच्या नावाखाली जाते. लोक अंगावरचा सदरा काढतात, ओट्यावर येऊन बसतात आणि शेजाऱ्याला विचारतात, तुमच्याकडची पण गेली का. सिंधूच्या घरातून मात्र लाईट गेल्यावर कुणी ओट्यावर येत नसे. तिचा नवरा भुजंग पुढच्या खोलीत खाटेवर असायचा. नाकाला बारीक नळी आणि नळीचं दुसरं टोक खाटेजवळच्या मशीनला. ती मशीन हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून त्याला पुरवायची. लाईट गेली की एकदा चिरक्या आवाजात ओरडायची आणि गप्प व्हायची.

भुजंगचं सगळं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत गेलं होतं. आधी खोकला, मग दम, मग जिना चढता येईना. शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं आता सुधारायची नाहीत, मशीन लावा आणि सांभाळा. हे सांभाळणं सिंधूच्या वाट्याला आलं. ती कंधार रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. सकाळी स्वयंपाक, भुजंगची आंघोळ, सासूची औषधं, मग स्कूटीवरून शाळा, संध्याकाळी परत तेच. रात्री ती खाटेशेजारी खाली अंथरूण टाकायची आणि मशीनची घरघर ऐकत झोपायची. घरघर थांबली की जागी व्हायची. ही झोप म्हणजे झोप नव्हेच, पण तिला आता दुसरी आठवतही नव्हती.

लाईट गेल्यावर उपाय एकच, कोपऱ्यातलं सिलिंडर. त्याचा वरचा खटका लोखंडी चावीने फिरवावा लागे आणि तो भलता घट्ट होता. भुजंगला उठून तिथवर जाणं जमत नसे. त्याची आई चांगुणाबाई, तिला सिंधू आत्या म्हणायची, तिच्या बोटांत संधिवाताने जोर उरला नव्हता. म्हणून सिंधू शाळेत असताना गल्लीतली सत्यशीला दिवसभर येऊन बसायची. ती चांगली धडधाकट होती, चावी एका हिसक्यात फिरवायची. घरात एक इन्व्हर्टरही होता, पण त्याची बॅटरी बसली होती. पंखा चार गिरक्या घ्यायचा की संपलं.

सत्यशीला असली तरी सिंधूचा जीव शाळेत थाऱ्यावर नसायचा. फळ्यावर बेरीज मांडतानाही तिचा डोळा टेबलावरच्या मोबाईलवर. शाळेतला पंखा बंद पडला की ती घरी फोन लावायची. शाळेची लाईन वेगळी, घराची वेगळी, हे तिला कळत होतं, तरी लावायची.

सोलरचं तिच्या मुलीने, पुनमने काढलं. पुनम लातूरला दिलेली. तिचा चुलत दीर मृत्युंजय लातुरात सोलर बसवायचं काम करायचा. तिकडे त्याने पुष्कळ घरांवर पॅनल लावले होते. पुनम फोनवर म्हणाली की आई, एकदा बसवून टाक, दिवसाची तरी काळजी मिटेल. सिंधूलाही ते पटलं. रात्री ती घरी असतेच, सिलिंडर उघडू शकते. घोर होता तो दिवसाचाच. आणि दिवसा तर ऊन असतं. मराठवाड्यात दुसरं काही नसलं तरी ऊन आहे.

मृत्युंजय येऊन छत बघून गेला. लेकीच्या सासरचा माणूस, म्हणून सिंधूने त्याला जेवायला वाढलं, टॉवेल-टोपी केली, आणि मग संकोच बाजूला ठेवून एकेक गोष्ट विचारली. ती आंधळेपणाने काही घेणारी बाई नव्हती. तिने मोबाईलवर बघितलं होतं, शाळेतल्या लोकांना विचारलं होतं. शेजारच्या टाकीची सावली हिवाळ्यात पॅनलवर येईल का, हे तिने विचारलं, आणि त्याने पॅनल टाकीपासून लांब घेतले. वादळात स्ट्रक्चर उडेल का, हे विचारलं. स्लॅबला भोक पाडलं तर पावसाळ्यात गळेल का, यावर तर ती अडूनच बसली. शेवटी त्याने सिमेंटचे ठोकळे टाकून त्यावर पाय उभे करायचं कबूल केलं. पॅनल धुवायला जागा सोडायला लावली. वीज पडली तर काय, म्हणून अर्थिंगचं विचारलं. मृत्युंजय हसून म्हणाला, इतकं तर आम्हाला इंजिनिअर लोकही विचारत नाहीत.

सगळ्यात शेवटी ती म्हणाली, "मी दिवसा घरी नसते, मृत्युंजयराव. मला दिवसाचं टेन्शन नको."

"दिवसाचं टेन्शन संपलंच समजा, मावशी," तो म्हणाला. "दिवसा तुमचं घर सूर्यावर चालणार."

त्याच्या मनात वीजबिल होतं. तिच्या मनात खाटेजवळची मशीन होती. दोघांनीही माना हलवल्या.

हिवाळ्यात पॅनल बसले. भिंतीवर नवा डबा लागला, मीटर बदललं. जुना इन्व्हर्टर काढून भंगारवाल्याला दिला. पुढच्याच आठवड्यात सत्यशीलाला एका शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. ती अवघडून सांगायला आली तेव्हा सिंधूनेच तिला धीर दिला, म्हणाली की जा खुशाल, आता आमच्या घरी दिवसा अडत नाही. तिच्या जागी दुसरी बाई शोधायची असं तिच्या मनातही आलं नाही.

त्यानंतरचे ते दिवस सिंधूला फार हलके गेले. सुट्टीच्या दिवशी ती घरी असताना मशीन एकदाही थांबली नाही. शाळेत ती फोन पर्समध्ये टाकून पर्स कपाटात ठेवू लागली. मधल्या सुट्टीत बाकीच्या बायांबरोबर बसून डबा खाऊ लागली. एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ती आतल्या खोलीत जरा पडली ती थेट दिवेलागणीलाच उठली. उठल्यावर तिला आपण कुठे आहोत हेच क्षणभर कळेना. पुढच्या खोलीत भुजंग जागा होता. तो म्हणाला, झोप की अजून, काय काम हाय. तिला वाटलं, घराला नाही, आपल्यालाच ऊन मिळालं.

मार्च लागला. त्या दिवशी ती पाचवीच्या वर्गावर होती. कपाटातला फोन शिपायाने आणून दिला, म्हणाला की मघापासून वाजून राहिलाय. फोन शेजारच्या विशाखाचा होता. विशाखा धापा टाकत बोलत होती. चांगुणाबाई आमच्या दारात आल्या, भाऊजी खाटेखाली पडलेत, ओठ काळेनिळे झालेत, लाईट नाही.

"लाईट कशी जाईल?" सिंधू म्हणाली. "ऊन आहे ना."

विशाखा म्हणाली, "वहिनी, सकाळपासून लाईन बंद हाय. तुमच्या घरात बी काहीच चालू न्हाई. आमचे हे भाऊजींना घेऊन दवाखान्यात निघालेत. तुम्ही या."

सिंधूने स्कूटी काढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हरभरा निघालेली मोकळी रानं, डोक्यावर करकरीत ऊन, आणि तिच्या डोक्यात एवढंच, की ऊन आहे ना. दवाखान्याच्या वाटेवर घर लागत होतं. डॉक्टरांना जुने रिपोर्ट लागतील म्हणून ती तिथे थांबली. दार सताड उघडं होतं. मशीन मुकी. खाटेजवळ पाण्याचा तांब्या उलटा पडलेला, आणि सिलिंडरच्या दिशेने चादर अर्ध्या खोलीपर्यंत ओढत गेलेली. सिंधूने पंख्याचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग ती रिपोर्ट घेऊन अंगणात आली आणि तिने वर बघितलं. छतावरचे पॅनल असे चकाकत होते की डोळा ठरत नव्हता.

ग्रामीण रुग्णालयात भुजंगच्या तोंडावर मास्क होता. विशाखाचा नवरा उमाशंकर बाहेर बाकावर बसून होता. त्याच्या पिकअपमध्ये मागे गादी टाकून त्यांनी त्याला आणलं होतं. वाटेत मी लई हाका मारल्या, पण त्यांनी डोळे उघडले न्हाईत, असं तो सांगत होता आणि सांगताना सिंधूकडे बघत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आत्ता निभावलंय, पण नांदेडला हलवा. संध्याकाळी अँब्युलन्सने नांदेडला नेलं.

तिथे अतिदक्षता विभागाच्या बाहेर पायऱ्यांवर सिंधू दिवस काढू लागली. पुनम लातूरहून आली. तिने रडून घेतलं, मग दिराला फोन लावला आणि नाही नाही ते बोलली. सिंधूने तिच्या हातातून फोन काढून घेतला. तिला रागही येत नव्हता. अंगातलं सगळं पाणी आटल्यासारखं झालं होतं, त्यात राग कुठून यावा. आपण टाकीची सावली विचारली, वादळ विचारलं, गळती विचारली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहायचं. लाईन गेल्यावर हे चालेल का, असं सरळ आपण का विचारलं नाही? मुलं गणितात नेमकी प्रश्नाचीच ओळ वाचायची सोडून देतात. मग ती त्यांना म्हणते, नीट वाच, प्रश्न काय आहे. तिनेच प्रश्न वाचला नव्हता.

चांगुणाबाईला बघायला आणलं त्या दिवशी म्हातारी पायरीवर सिंधूजवळ बसली. मग म्हणाली, "आधी बी झालं व्हतं गं. दोनदा. भुज्यानं मला शपथ घातली व्हती."

"काय झालं होतं, आत्या?"

म्हातारीने सांगितलं. सत्यशीला यायची थांबल्यावर थोड्याच दिवसांत एकदा दुपारची लाईट गेली होती. मशीन बंद पडली. भुजंग भिंतीला टेकून, डोळे मिटून, हलचाल न करता बसून राहिला. लाईट लवकर आली. त्यानंतर एकदा तसंच झालं, जरा जास्त वेळ. म्हातारी सिलिंडरशी झटली, तिच्याने चावी फिरली नाही. तेव्हा त्याने तिला सांगितलं की सिंधूला यातलं काही कळू द्यायचं नाही.

भुजंगला वॉर्डात आणल्यावर, तो चार शब्द बोलू लागल्यावर सिंधूने त्याला विचारलं. विचारायच्या आधी ती पुष्कळ वेळ त्याचे पाय चेपत बसली होती.

"तुम्हाला माहीत होतं ना, हे लाईट गेल्यावर चालत नाही?"

भुजंगने मान हलवली.

"मग बोलला का नाहीत? मला सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं."

तो दम घेत घेत बोलला. "तू काय केलं असतंस? शाळा सोडली असतीस. न्हाईतर पुन्हा फोन हातात धरून शिकवत बसली असतीस." थोडं थांबून तो म्हणाला, "त्या रविवारी तू झोपली व्हतीस. किती वर्सांनी झोपली व्हतीस. मी खाटेवरून दारातून बघत बसलो. म्हणलं, थोडी कळ काढू. लाईट काय, येतेच."

सिंधूला यावर काहीतरी बोलायचं होतं. त्याला दोष द्यावा, की त्याच्या छातीवर डोकं ठेवावं, हेच तिला ठरवता येईना. ती त्याचे पाय चेपत राहिली. मग म्हणाली, "माझी झोप तुमच्या श्वासापेक्षा मोठी नाही." एवढं बोलून ती नळावर पाणी आणायला गेली.

भुजंग घरी आला तेव्हा आधीपेक्षा अजून खालावलेला होता. बोलणं कमी झालं होतं. सिंधूने शाळेतून रजा घेतली. सत्यशीला संध्याकाळी काम आटोपून येऊन जाऊ लागली. तिनेच सिलिंडरवाल्याकडून तो घट्ट खटका बदलून घेतला आणि चांगुणाबाईला फिरवायला लावून बघितला; आता तो तिच्या हाताने फिरला. मग एके दिवशी मृत्युंजय आला. एकटाच आला, दारात चपला काढून तिथेच उभा राहिला. पुनमने त्याला काय काय ऐकवलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सिंधूने त्याला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. मग त्याने समजावून सांगितलं. तिच्या घरी बसवलेलं सोलर सरकारी लाईनला जोडलेलं होतं. लाईनवर वीज असेल तरच भिंतीवरचा डबा चालतो. लाईन गेली की तो आपोआप बंद होतो, आणि ते मुद्दामच तसं केलेलं असतं. नाहीतर छतावरची वीज उलटी लाईनमध्ये जाईल आणि खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जाईल. लाईन नसताना घर चालवायचं तर बॅटरी लागते, आणि डबाही त्या जातीचा लागतो. "मावशी, तुम्ही टेन्शन म्हणालात, मला वाटलं बिलाचं म्हणताय. लोक बिलाचंच विचारतात. घरात इन्व्हर्टर दिसला म्हणून मी निर्धास्त राहिलो."

"तो इन्व्हर्टर तुमच्याच माणसांसमोर काढला," सिंधू म्हणाली.

"हाव. मी त्या दिवशी साईटवर नव्हतो."

"आणि मशीन? जेवायला बसलात तेव्हा मशीन तुमच्यासमोर चालू होती."

मृत्युंजयने खाटेजवळच्या मशीनकडे बघितलं. सिंधूने ते पुढे ताणलं नाही. लेकीच्या सासरचा माणूस म्हणून नव्हे. त्याने चुकीचं ऐकलं, तिने अर्धवट विचारलं, भुजंगने लपवलं. एकाच्याच माथी मारावं म्हटलं तरी ते तिथे बसत नव्हतं. शिवाय तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं.

तो म्हणाला की सध्या निदान मशीनपुरता तरी चांगला इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी आणून बसवतो. लाईन असेल तेव्हा ती भरून राहील, लाईन गेली की मशीन त्यावर जाईल, दिवस असो की रात्र. सिंधूने मान डोलावली. तो सामान घेऊन पुन्हा आला, स्वतः येऊन त्याने वायरिंग केलं, मशीनची लाईन घरापासून वेगळी काढली. दुपारपर्यंत काम उरकलं. तो हात धुऊन निघायच्या तयारीत होता.

"आता मेन बंद करा," सिंधू म्हणाली.

"करतो ना." त्याने मेन स्विच खाली पाडला. पंखा थांबला. मशीन एकदा अडखळली आणि घरघरत राहिली. मृत्युंजयने समाधानाने तिच्याकडे बघितलं आणि हात पुन्हा मेनकडे नेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "बसा."

"किती वेळ, मावशी?"

"तेच बघायचंय मला. त्या दिवशी दुपार टळेपर्यंत लाईन नव्हती. तुम्ही इथे बसा. यांच्याजवळ."

मृत्युंजयने खुर्ची ओढली आणि तो भुजंगच्या खाटेजवळ बसला. खोलीत पंखा नव्हता. उन्हाने स्लॅब तापला होता, सगळ्यांनाच घाम फुटला होता. चांगुणाबाई दारात बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. मग भुजंगनेच हळूहळू विचारलं की लातूरला पाणी कसं आहे यंदा, आणि मृत्युंजय सांगू लागला. एकदा भुजंगला ठसका लागला. नळी नाकातून सुटली. मृत्युंजय दचकून उठला, त्याला ती नीट लावता येईना. सिंधूने लावून दिली. त्यानंतर तो मशीनकडे कमी आणि भुजंगच्या छातीकडे जास्त बघू लागला. छाती वर जाते, खाली येते. त्याने खिशातला वाजणारा फोन बंद केला.

ऊन कलंडलं. मशीन चालूच होती. सिंधू भिंतीला टेकून बसली होती. तिने मनाशी ठरवलं होतं की शेवटपर्यंत लक्ष ठेवायचं. पण केव्हातरी तिची मान कलली.

जाग आली तेव्हा पंखा फिरत होता. मृत्युंजय गेला होता. जाताना तो भुजंगला सांगून गेला होता, की यापुढे कुठल्याही घरी बसवलं की आधी मेन पाडून दाखवणार, आणि घरात कोण आजारी आहे हे विचारल्याशिवाय वायर टाकणार नाही. चांगुणाबाईने हे सगळं सिंधूला सांगितलं. मशीन सगळा वेळ चालली, एकदाही ओरडली नाही, हेही सांगितलं.

"मला उठवायचं ना," सिंधू म्हणाली.

"उठीव म्हणलं मी," म्हातारी म्हणाली. "भुज्या न्हाई म्हणला."

सिंधू खाटेजवळ गेली. भुजंगचे डोळे मिटलेले होते, पण तो झोपला नव्हता, तिला ओळखू येत असे.

"पुन्हा काही लपवणार का?" तिने विचारलं.

"न्हाई," भुजंग म्हणाला.

तिचा त्यावर पूर्ण विश्वास बसला नाही. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो डोळे न उघडता थोडासा हसला. सिंधूने नळी एकदा तपासली, सिलिंडरची चावी जागेवर आहे ना ते बघितलं, आणि ती भात टाकायला आत गेली. सोमवारपासून तिला शाळेत रुजू व्हायचं होतं.